तक्रार अर्ज ते १८ मे : ५४१ दिवस

शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. १८ मे २०२२, दिल्ली, छतरपूर पहाडी, श्रद्धा वालकरचा खून. सहा महिन्यांनी ते प्रकरण उघडकीला आले तेव्हा वाहिन्यांनी त्या घरातला फ्रिज दाखवला, मेहरौलीचे जंगल दाखवले, आरोपीचा चेहरा दिवसरात्र दाखवला. त्या गदारोळात एका कागदाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. तो कागद दिल्लीतला नव्हता, नालासोपाऱ्यातला होता. त्यावर तारीख होती २३ नोव्हेंबर २०२०. तिथून १८ मे २०२२ पर्यंत ५४१ दिवस भरतात. तासांत मोजले तर १२,९८४. हा घटनाक्रम त्या दिवसांचा आहे.

कल्याण-डोंबिवलीच्या वाचकाने हे परमुलखातले समजू नये. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तोवर वसई तालुका ठाणे जिल्ह्यातच होता. आजही कोपरच्या वरच्या फलाटावर दिवा-वसई गाडी मिळते. आणि कल्याणला खेटून असलेल्या उल्हासनगरात ३० मार्च १९९० रोजी दहावीच्या परीक्षा केंद्रात घुसून रिंकू पाटील या विद्यार्थिनीला जिवंत जाळण्यात आले होते. नकार दिलेल्या किंवा सोडून निघालेल्या मुलीचा जीव घेतला जातो, हे या जिल्ह्याला कुणी नव्याने सांगायची गरज नव्हती.

२०१९

श्रद्धा वालकर वसईची. मालाडच्या कॉल सेंटरमध्ये नोकरी. आफताब पूनावालाशी ओळख डेटिंग अॅपवर झाली. घरच्यांचा विरोध होता. मी सज्ञान आहे, माझे निर्णय मी घेईन, असे सांगून ती बाहेर पडली. दोघे आधी नायगावला आणि नंतर वसईत एकत्र राहू लागले.

जानेवारी २०२०

आईचे निधन झाले. त्यानंतर ती घरी आली तेव्हा आफताब मारतो, असे तिने वडिलांना सांगितले. विकास वालकरांनी तिला घरी परत येण्यास सांगितले. मग आफताबने माफी मागितली आणि ती पुन्हा त्याच्याकडे गेली. हा तपशील वडिलांच्या जबाबातला आहे. मारहाण, माफी, परत जाणे हा क्रम कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत काम करणाऱ्या प्रत्येक समुपदेशकाला तोंडपाठ असतो. त्यात नवल काही नाही, आणि बाईचा दोष तर मुळीच नाही.

१ ऑक्टोबर २०२०. ५९४ दिवस बाकी.

मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. तोपर्यंत वसई-विरारची पोलीस ठाणी पालघर जिल्हा पोलिसांकडे होती. लोकसंख्या वाढली, गुन्हे वाढले, म्हणून स्वतंत्र आयुक्तालय हवे ही जुनी मागणी होती. ती पूर्ण झाली. नालासोपारा पूर्वेचे तुळिंज पोलीस ठाणे या नव्या आयुक्तालयात आले.

२३ नोव्हेंबर २०२०, सोमवार. ५४१ दिवस बाकी.

आयुक्तालयाला ५३ दिवस झाले होते. २५ वर्षांच्या श्रद्धाने तुळिंज पोलीस ठाण्याला इंग्रजीत पत्र लिहिले. पत्र लहान आहे, पण एका पोलीस अधिकाऱ्याला जे हवे असते ते सगळे त्यात आहे.

आरोपीचे नाव आहे. कृत्य आहे: आज त्याने श्वास कोंडून मला मारण्याचा प्रयत्न केला. आधीचा इतिहास आहे: सहा महिने तो मारत आहे. धमकी आहे: मारून टाकीन, तुकडे करून फेकून देईन असे तो म्हणतो. इतके दिवस तक्रार का केली नाही, याचे कारणही आहे: जिवे मारण्याच्या धमकीमुळे पोलिसांकडे यायची हिंमत झाली नाही. तो मारतो हे त्याच्या घरच्यांना माहीत आहे, असेही तिने नमूद केले. लग्न होणार होते म्हणून आजवर त्याच्यासोबत राहिले, हेही लिहिले.

आणि शेवटी तिने जे लिहिले त्याचा आशय असा: यापुढे मला त्याच्यासोबत राहायचे नाही. मला काहीही इजा झाली तर ती त्याच्याकडूनच झाली असे समजावे, कारण मी कुठेही दिसले तरी मारीन किंवा इजा करीन अशी धमकी तो देत आहे.

म्हणजे त्या सोमवारी ती त्याची जोडीदार राहिली नव्हती. तिने संबंध तोडला होता आणि तोडल्याची लेखी नोंद पोलिसांकडे केली होती. सर्वांत जास्त धोका याच टप्प्यावर असतो. अमेरिकेत जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका-संशोधिकेने १९८० च्या दशकात अशा बायकांसाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्या आजच्या रूपात २० प्रश्न आहेत. गेल्या वर्षभरात तुम्ही त्याला सोडले आहे का? तो जिवे मारण्याची धमकी देतो का? त्याने कधी गळा दाबला आहे का? श्रद्धाला हे प्रश्न कुणी विचारले नव्हते. तिने उत्तरे आपणहून लिहून दिली होती.

गळा दाबण्याच्या प्रश्नावर २००८ साली अमेरिकेतच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या बाईचा गळा जोडीदाराने पूर्वी एकदा दाबला आहे, तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सातपटीहून अधिक असते, असे त्यात दिसले. गळ्यावर वळ उमटतोच असे नाही. ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे उभी राहिलेली बाई धडधाकट दिसू शकते. इंग्लंड-वेल्सने म्हणूनच गळा दाबणे हा वेगळा गुन्हा ठरवला.

आपल्याकडे त्या दिवशी वेगळ्या कायद्याची गरजही नव्हती. ठार मारण्याचा प्रयत्न म्हणजे भारतीय दंड संहितेचे कलम ३०७. दखलपात्र, अजामीनपात्र. ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १२ नोव्हेंबर २०१३ रोजीच सांगून ठेवले होते: माहितीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

पत्राची नोंद तक्रार अर्ज म्हणून झाली.

२४ नोव्हेंबर, मंगळवार. ५४० दिवस.

तिने कामावरच्या वरिष्ठाला व्हॉट्सअॅपवर कळवले की आज येता येणार नाही. कालच्या मारहाणीने अंग दुखते आहे, रक्तदाब उतरला असावा, अंथरुणातून उठायची ताकद नाही. आज तो घरातून बाहेर पडेल हे मला पाहायचे आहे, असेही तिने लिहिले. चेहऱ्यावरच्या जखमांचा फोटो पाठवला.

त्या वरिष्ठ सहकाऱ्याने तिला पोलिसांकडे जायला बळ दिले होते. सोबत जायला माणूस शोधून दिला होता. पुढच्या सगळ्या घटनाक्रमात वेळेवर आणि नेमके वागलेली माणसे शोधायला गेलो तर पहिली ही सापडतात: पगारी संरक्षणयंत्रणेबाहेरची, कामाच्या ठिकाणची, तिशीच्या आतबाहेरची.

२५ नोव्हेंबर, बुधवार. ५३९ दिवस.

महिलांवरील हिंसाचार निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवस.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार. ५३७ दिवस.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तो केवळ पत्नीसाठी नाही. लग्नासारख्या नात्यात एका छताखाली राहिलेल्या बाईलाही तो लागू होतो. कलम ५ पोलिसांना सांगते: अशी तक्रार आली की तिला संरक्षण आदेशासाठी न्यायालयात अर्ज करता येतो, संरक्षण अधिकारी असतो, मोफत कायदेशीर मदत मिळते, हे तिला सांगा. कलम १२ न्यायदंडाधिकाऱ्यांना सांगते: पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांच्या आत द्या.

मंगळवारी सकाळी अर्ज दाखल झाला असता, तर पहिली तारीख या शुक्रवारपर्यंत पडली असती. संरक्षण आदेश निघाला, की त्याने तिच्या जवळ जाणे, फोन करणे, कामाच्या ठिकाणी फिरकणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. एक वर्षापर्यंत कैद. ही शिक्षा फार मोठी नाही, पण तिच्या जोरावर पोलीस त्याला खून होण्याआधी उचलू शकतात.

३ डिसेंबर, गुरुवार. ५३१ दिवस.

नालासोपाऱ्यातल्या एका खासगी रुग्णालयात ती दाखल झाली. पाठीत आणि मानेत तीव्र वेदना, मळमळ, मान वळवता येत नाही, पायांना मुंग्या आणि बधिरपणा. हे कशाने झाले, ते तिने डॉक्टरांना सांगितले नाही.

तक्रार अर्जाला दहा दिवस झाले होते. अर्जात श्वास कोंडल्याचे लिहिले होते. रुग्णालयाच्या कागदावर मान दुखत असल्याचे लिहिले गेले. पोलीस ठाणे आणि रुग्णालय एकाच गावात होते, पण हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून कुणी वाचले नाहीत. वाचले गेले ते दोन वर्षांनी, वाहिन्यांच्या स्टुडिओत.

६ डिसेंबर, रविवार. ५२८ दिवस.

तिला रुग्णालयातून सोडण्यात आले.

८ डिसेंबर, मंगळवार. ५२६ दिवस.

ललिता कुमारी निकालाने काही प्रकरणांत, त्यात कौटुंबिक वादही आले, पोलिसांना एफआयआरपूर्वी प्राथमिक चौकशीची मुभा ठेवली आहे. तिला मर्यादा आहे: आधी सात दिवसांची, मार्च २०१४ मध्ये वाढवून सर्वसाधारणपणे पंधरा दिवसांची आणि अपवादात्मक प्रकरणांत, पुरेशी कारणे देऊन, सहा आठवड्यांची. उशीर होत असेल तर कारण ठाणे दैनंदिनीत लिहावे लागते.

या मंगळवारी पंधरा दिवस भरले. म्हणजे हे प्रकरण घरगुती भांडणाच्या खात्यात टाकून पोलिसांच्या बाजूने सैल अर्थ लावला, तरी नेहमीच्या मुदतीनुसार निर्णयाची तारीख ८ डिसेंबर होती.

९ डिसेंबर, बुधवार. ५२५ दिवस.

महिलांवरील अत्याचारांना कठोर शिक्षा देणाऱ्या शक्ती विधेयकाला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. फेब्रुवारीत हिंगणघाटच्या नंदोरी चौकात एका तरुण प्राध्यापिकेवर पेट्रोल टाकून तिला पेटवण्यात आले होते. सात दिवसांनी, १० फेब्रुवारी २०२० च्या पहाटे तिने नागपुरात प्राण सोडले. राज्य हादरले होते. कठोर कायद्याचे आश्वासन तेव्हाचे.

१४ डिसेंबर, सोमवार. ५२० दिवस.

विधेयक विधानसभेत मांडले गेले. गंभीर गुन्ह्यांचा तपास कामकाजाच्या १५ दिवसांत पूर्ण करायचा, खटला ३० दिवसांत निकाली काढायचा, काही गुन्ह्यांना फाशीची तरतूद करायची. दुसऱ्या दिवशी ते संयुक्त समितीकडे गेले.

मुंबईत विधानभवनात तपासाचे दिवस मोजले जात होते. नालासोपाऱ्यात एक अर्ज २१ दिवसांचा झाला होता आणि त्याचा गुन्हाच दाखल नव्हता. गुन्हा दाखल नसेल तर तपासाची मुदत सुरू कुठून होणार? शिक्षा वाढवण्याचे कायदे घटना घडल्यावर कामाला लागतात. तिला हवा होता तो कायदा अस्तित्वात होता, आणि तो ठाणे अंमलदाराच्या टेबलावर सुरू व्हायचा होता.

१९ डिसेंबर, शनिवार. ५१५ दिवस.

२६ दिवस. ६२४ तास. श्रद्धाने पोलिसांना दुसरे लेखी निवेदन दिले. आता आमच्यात भांडण नाही. त्याचे आई-वडील मध्ये पडले, समेट झाला. तक्रार मागे.

पोलिसांनी प्रकरण बंद केले. दोन वर्षांनी पोलीस उपायुक्तांनी सांगितले की त्या वेळी जी कारवाई करायची ती केली होती, चौकशी केली होती, पण तक्रारदारानेच वाद नसल्याचे लिहून दिले.

इथे थांबायला हवे. पोलिसांचा हा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो आणि अनेकांना तो पटतोही: बाईच माघार घेते, पोलीस काय करणार?

उत्तर असे की ३०७ चा गुन्हा तिच्या मालकीचा नाही, तो सरकारविरुद्धचा आहे. फिर्यादी आणि आरोपी यांनी आपसात मिटवण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीत तो नाही. २३ नोव्हेंबरला एफआयआर झाला असता, तर १९ डिसेंबरच्या त्या निवेदनाने पोलीस ठाण्यात काहीच बंद झाले नसते. तपास बंद करायचा तर पोलिसांना न्यायालयात अहवाल द्यावा लागला असता आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी दोन्ही कागद पाहिले असते. पहिल्यात ती म्हणते, तो मला मारून टाकील. दुसऱ्यात ती म्हणते, आता सगळे ठीक आहे. मध्ये रुग्णालयाच्या तीन रात्री. कुठल्याही अनुभवी न्यायाधीशाने विचारले असते, की हे तू कुणासमोर बसून लिहिलेस?

माघार ही धमकीचाच परिणाम असू शकते, हे पहिल्या पत्रातच लिहिलेले होते. जिवाच्या भीतीने इतके दिवस आले नाही, असे ज्या बाईने सांगितले, तिने २६ दिवसांनी भीती नसल्याचे सांगितले. तर मधल्या दिवसांत भीतीचे कारण दूर करण्यासाठी यंत्रणेने काय केले, हा प्रश्न आधी यायला हवा होता. एफआयआर नाही, अटक नाही. तो मोकळा होता. समेटाची बोलणी त्याच्या घरच्यांनी केली. तिच्या बाजूने बोलायला आई हयात नव्हती आणि वडिलांशी संबंध तुटलेले होते. अशा बाईच्या बाजूला सरकारने बसायचे असते.

२६ जानेवारी २०२१, मंगळवार. ४७७ दिवस.

कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न न्यायालयाने करायचा असतो. न झालेल्या अर्जाची ही न आलेली तारीख.

२०२१

या वर्षाबद्दल सांगण्यासारखे थोडे आहे. दोघे वसईतच राहत होते. पोलीस ठाण्याच्या दृष्टीने प्रकरण निकाली निघाले होते, त्यामुळे पुन्हा दार ठोठावायचे कुणाला कारण नव्हते. महिन्याने एकदा फोन, तीन महिन्यांनी एक भेट, इतकेही पुरले असते. पुण्या-मुंबईत महिला समुपदेशन केंद्रे असा पाठपुरावा कितीतरी वर्षे करत आली आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत महिला-मुलांसाठी विशेष कक्ष १९८४ मध्ये सुरू केला, तो याच समजुतीवर: बाई एकदा आली की विषय संपत नाही, तिथून तो सुरू होतो.

२३ डिसेंबर २०२१. १४६ दिवस.

शक्ती विधेयक विधानसभेत एकमताने मंजूर. पुढे राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेले.

मार्च २०२२ अखेर. सुमारे ४८ दिवस.

दोघांनी वसई सोडली. उत्तराखंड, हिमाचल असा प्रवास. तुळिंज पोलीस ठाण्याची हद्द मागे पडली, आणि जो अर्ज फक्त त्या हद्दीतच कुणाला माहीत होता, तोही मागे राहिला. एफआयआर असता, जामिनाच्या अटी असत्या, तर राज्याबाहेर जाण्यासाठी त्याला न्यायालयाची परवानगी मागायला लावता आली असती.

मे २०२२, दुसरा आठवडा. १० दिवसांच्या आत.

दोघे दिल्लीत. आधी पहाडगंजला हॉटेलात, मग महिन्याच्या मध्याला छतरपूर पहाडीत भाड्याच्या घरात. शेजारी नवे, ओळखीचे कुणी नाही. नालासोपाऱ्यात तिला पोलीस ठाण्यापर्यंत सोबत देणारी माणसे होती. इथे ती नव्हती.

१७ मे, मंगळवार. १ दिवस.

तपासात नोंदले गेले आहे की ती गुरुग्रामला एका मित्राला भेटायला गेली आणि दुसऱ्या दिवशी परतली.

१८ मे, बुधवार. सकाळी ६.३०.

इथून पुढे घड्याळ चालत नाही. साकेत न्यायालयाने आरोप निश्चित करताना वेळ लिहिली ती अशी: १८ मे २०२२ रोजी सकाळी साडेसहानंतर, अज्ञात वेळी. कृत्य: गळा दाबून खून.

२३ नोव्हेंबर २०२० च्या पत्रात मारण्याची रीत लिहिली होती. मृतदेहाचे काय करण्याची धमकी होती, तेही लिहिले होते. आरोपपत्रात दोन्ही आहेत. दुसरे कलम आहे २०१, पुरावा नष्ट करणे. त्याचा तपशील इथे नको.

१९ मे ते १२ नोव्हेंबर

तिचा फोन काही दिवस चालू होता, समाजमाध्यमांवरून उत्तरेही जात होती. सप्टेंबरच्या मध्यास तिच्या एका मित्राने तिच्या भावाला सांगितले की दोन महिन्यांहून अधिक काळ तिचा फोन बंद आहे. ऑक्टोबरमध्ये विकास वालकरांनी वसईच्या मानिकपूर पोलीस ठाण्यात बेपत्ता असल्याची तक्रार दिली. पोलिसांनी आफताबला दोनदा बोलावले. ती २२ मे रोजी भांडून निघून गेली, असे तो सांगत होता. त्यानंतर तिच्या खात्यातून त्याच्या खात्यात ५४ हजार रुपये गेल्याचे बँकेच्या नोंदीत निघाले, आणि तपास दिल्लीच्या मेहरौली पोलिसांकडे गेला.

१२ नोव्हेंबर २०२२ रोजी त्याला अटक झाली. ललिता कुमारी निकालाला त्या दिवशी बरोबर नऊ वर्षे झाली.

२३ नोव्हेंबर २०२२

तुळिंजचे पत्र लिहिल्याला दोन वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी ते सर्वांसमोर आले. तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पत्र वाचल्याचे, ते गंभीर असल्याचे आणि वेळीच कारवाई झाली असती तर असे घडणे टाळता आले असते, असे सांगितले. चौकशी जाहीर केली. ९ डिसेंबरला विकास वालकर मुंबईत पत्रकारांसमोर आले. वसई भागातल्या पोलिसांनी मदत केली असती तर माझी मुलगी जिवंत असती, असे ते म्हणाले.

१३ डिसेंबर २०२२

राज्य सरकारने आंतरजातीय-आंतरधर्मीय विवाह-कुटुंब समन्वय समिती नेमली. अध्यक्ष महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा. दोन दिवसांनी त्यातून आंतरजातीय हा शब्द वगळण्यात आला. चर्चा आरोपीच्या धर्मावर गेली आणि तिथेच राहिली. तिने पत्रात धर्माबद्दल तक्रार केली नव्हती. तिची तक्रार गळ्याभोवतीच्या हातांबद्दल होती, आणि तो अर्ज २६ दिवस ज्या टेबलावर पडून होता, त्या टेबलासाठी समिती नेमली गेली नाही.

२४ जानेवारी २०२३

दिल्ली पोलिसांनी ६,६२९ पानांचे आरोपपत्र दाखल केले. ९ मे रोजी खून आणि पुरावा नष्ट करण्याचे आरोप निश्चित झाले. आफताबने आरोप नाकारले आणि खटला सुरू झाला.

१८ जून २०२४, मंगळवार. सकाळी साडेआठच्या सुमारास.

वसई पूर्व, गौराईपाडा-चिंचपाडा भाग. कामावर निघालेल्या एका तरुणीवर तिच्या पूर्वीच्या प्रियकराने भर रस्त्यात लोखंडी पान्याने पंधराहून अधिक घाव घातले. बघ्यांनी मोबाइलवर चित्रण केले. एक माणूस अडवायला पुढे झाला, त्याच्यावरही पाना उगारला गेला. तरुणी जागीच गेली.

दहा दिवस आधी, ८ जूनला, तिचे कुटुंब आचोळे पोलीस ठाण्यात जाऊन आले होते. त्याने तिचा मोबाइल फोडला होता, धमकावले होते. नोंद अदखलपात्र झाली. त्याला समज देऊन सोडले, असे घरच्यांचे म्हणणे होते.

आयुक्तालय तेच. या वेळी मधे ५४१ नाही, १० दिवस होते.

९ फेब्रुवारी २०२५

विकास वालकर यांचे वसईत हृदयविकाराने निधन झाले. मुलीच्या अस्थी खटल्याचा मुद्देमाल होत्या. अंत्यसंस्कारासाठी त्या मिळाव्यात अशी त्यांची मागणी शेवटपर्यंत होती.

आज

दंड संहिता बदलली. १ जुलै २०२४ पासून ठार मारण्याचा प्रयत्न हे भारतीय न्याय संहितेचे कलम १०९ आहे. बाकी रीत तीच आहे, म्हणून वाचकांना एक विनंती. तुमची बहीण, मैत्रीण, कामावरची सहकारी किंवा शेजारीण म्हणाली की त्याने गळा दाबला, तर तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जा. तक्रार अर्जाची पोच घेऊन परतू नका. एफआयआर मागा. त्याची प्रत फुकट मिळते आणि तो तिचा हक्क आहे. घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असो, जवळच्या पोलीस ठाण्याला ती नोंदवावी लागते. नोंदवली नाही तर तोच मजकूर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तालयात पाठवा. तिथेही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. त्याच दिवशी तिला सरकारी रुग्णालयात नेऊन गळ्याची तपासणी नोंदवून घ्या, खूण दिसत नसली तरी. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. आणि चार आठवड्यांनी ती म्हणाली की आता सगळे मिटले आहे, तर तिच्यावर रागावू नका, पण जाणे थांबवू नका.